लडाखला ऊन हवं, थरला ढग

लेहमध्ये वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जैसलमेरला त्याहून जास्त. वाळूच्या टेकड्यांमधलं शहर हिमालयातल्या शहराहून ओलं, हे अनेकांना पटत नाही. आकडेवारीत मात्र दोन्ही एकाच रकान्यात बसतात : कमी पावसाचा प्रदेश. माझा आक्षेप या रकान्यालाच आहे.

मुळात कोरडेपणाची कारणंच वेगळी. मोसमी वाऱ्यांतलं बहुतेक बाष्प हिमालयाच्या दक्षिण उतारांवर रितं होतं, पलीकडच्या लडाखला फार थोडं मिळतं. महाबळेश्वरला झोडपणारा पाऊस सातारा जिल्ह्यातल्याच माण तालुक्यात पोचत नाही, तसंच हे. थरच्या वाटेत असा आडवा डोंगर नाही. अरबी समुद्रावरचे वारे अरवलीला समांतर निघून जातात आणि वरची कोरडी हवा खाली दबत असल्याने ढगांची वाढ खुंटते.

म्हणून पाणी धरायच्या रीतीही वेगळ्या. जैसलमेरकडे खडीन बांधतात. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालून खडकाळ माळावरचं पाणी अडवायचं आणि ते मुरलं की त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा पेरायचा. पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी ही शेती तिथे रुजवली. लडाखमध्ये पाणी येतं ते बर्फ वितळून. ते रात्रभर ‘झिंग’ या तळ्यात साठतं, सकाळी त्याचं तोंड उघडतात आणि कुणाच्या शेताची पाळी कधी, हे गावाने नेमलेला ‘चुरपोन’ ठरवतो. पेरणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं की तिथला शेतकरी धास्तावतो, कारण ऊन नाही तर पाणी नाही. थरचा शेतकरी आषाढात त्याच ढगांकडे डोळे लावून बसतो.

सरासरीवर विसंबण्याची किंमत दोन्हीकडे लोकांनी मोजली आहे. ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेरमधलं कवास गाव पुरात बुडालं. वाळूखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी मुरेना, ते महिनोन्‌महिने तुंबून राहिलं. ऑगस्ट 2010 मध्ये लेहवर एका रात्रीत कोसळलेल्या पावसाने आणि चिखलाच्या लोंढ्यांनी दोनशेहून अधिक जीव घेतले. तिथली कच्च्या विटांची, मातीच्या सपाट छपरांची घरं थंडीसाठी उत्तम, अशा पावसासाठी नव्हेत.

पाणी कुठून येतं, कधी येतं आणि जमीन त्याचं काय करते, हे विचारल्याशिवाय या प्रदेशांसाठी घरांची वा पाण्याची योजना आखूच नये. आणि यंदा लडाखला जाणार असाल, तर जिथे कोरड्या संडासाची सोय असेल तिथे तोच वापरा. तिथल्या हॉटेलांचे फ्लश आणि शॉवर आता बोअरवेलच्या पाण्यावर चालतात आणि तो उपसा भरून काढण्याइतका पाऊस लेहला पडत नाही.