गिरणीवर जे बंधन, ते शाळेवर का नाही?

परांडा हे गाव बार्शीहून फारसे दूर नाही. एप्रिल २०२५ मध्ये तेथे निरोप समारंभात भाषण करता करता एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी कोसळली व मृत्यू पावली. लहानपणी तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. त्याच वर्षी जानेवारीत चामराजनगर व अहमदाबाद येथे आठ-आठ वर्षांच्या दोन मुली शाळेतच कोसळल्या. अशा वार्ता आल्या की कोणी दैवाला बोल लावतो, तर कोणी ‘आता मुलांनाही हृदयविकार जडू लागला’ असे म्हणून उसासा टाकतो. त्या त्या ठिकाणी कोणाचे काय चुकले याचा निवाडा दुरून करणे योग्य नव्हे. परंतु मूल निपचित पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत भोवतालच्या मोठ्या माणसांनी काय करावयाचे असते, हे आपल्या किती शाळांत ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र टाळता येणारा नाही.

प्रौढ माणसाचे हृदय बहुधा हृदयाच्याच दोषाने थांबते. लहान मुलांचे बहुतांशी तसे नसते. त्यांचा आधी श्वास कोंडतो आणि प्राणवायू न मिळाल्याने मग हृदय थांबते. घशात अडकलेला घास, पाण्याचा हौद, दम्याचा तीव्र झटका ही त्याची नेहमीची कारणे. जन्मजात हृदयदोष किंवा हृदयाच्या विद्युतसंदेशातील बिघाड यांमुळे कोसळणारी मुले असतात, पण ती थोडी. सोलापूर तर शेंगांचा मुलूख. शेंगदाण्याची चटणी ही येथील ओळखच. पण अख्खा शेंगदाणा तीन-चार वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत गेला तर प्राणावर बेतते, हे अंगणवाडीच्या ताईंना किंवा दिवसभर नातवंडे सांभाळणाऱ्या विडी कामगाराच्या वृद्ध आईला कोणी समजावून सांगितले आहे काय?

हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे व तिचे उपकार मोठे आहेत. तथापि करमाळा किंवा सांगोला तालुक्यातील एखाद्या वाडीवर ती एवढ्या अवधीत पोहोचेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. तोवर मुलाच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० या गतीने, छातीच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश खोल दाब द्यावयाचे आणि दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास भरावयाचे, एवढेच हाती उरते. ही कृती वाचून येत नाही. किती बळ लावावे हे हाताला पुतळ्यावरील सरावानेच कळते.

येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळण्यास प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेला, कामाच्या वेळात हजर असणारा माणूस सक्तीचा केला होता. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे केव्हाच थांबले. पण मजुराच्या जिवासाठी असा प्रशिक्षित माणूस हवा हे कायद्याने त्यांच्या काळीच मान्य केले होते. त्याच मजुराची नातवंडे ज्या शाळेत जातात तिच्यासाठी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण हे सारे आहे. प्रथमोपचार जाणणारा माणूस मात्र त्यात नाही.

शिक्षक म्हणतील, जनगणना आमच्या माथी, निवडणूक आमच्या माथी, खिचडीचा हिशेबही आम्हीच ठेवावयाचा; आता हेही का? ही तक्रार खरी आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांनी आठवडाभर एकशिक्षकी शाळा चालवून पाहावी. पण जनगणनेचे काम दुसरा कोणी करू शकतो. वर्गात मूल कोसळल्यावर दुसरा कोणी तेथे नसतो. शिवाय यास वर्षाकाठी अर्धा दिवस पुरेल. डेन्मार्कने २००५ साली हे शिक्षण शाळकरी मुलांनाच सक्तीचे केले. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा परिषद व महापालिका यांनी ठरविले तर तेथील अध्यापकांकडून केंद्राकेंद्रांवर सराव करून घेणे अवघड नाही. अध्यापक पदविकेच्या परीक्षेत प्रात्यक्षिक म्हणूनही तो घालता येईल.

दुसरे काम त्याहून सोपे, तरीही उपेक्षित आहे. पालघर येथून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. जन्मजात हृदयदोष व संधिवाताने बिघडलेल्या हृदयाच्या झडपा त्यात शोधल्या जातात, कित्येकांच्या शस्त्रक्रियाही होतात. मात्र शस्त्रक्रिया झालेले मूल पुढे शाळा बदलते, पाचवीतून सहावीत जाते आणि त्याचा कागद पहिल्याच शाळेच्या कपाटात राहिला, तर नव्या वर्गशिक्षकास काहीच कळत नाही. मग कवायतीत त्याला धाप लागली की तो आळशी ठरतो. पालकांच्या संमतीने अशी नोंद दाखल्याबरोबर पुढच्या शाळेकडे गेली पाहिजे. त्यास नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरे आहे, आणि ते जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निघावयास हवे.