आखाड्यातील समता आणि करारातील विषमता

कुस्तीचा शौक ही आपल्या वर्तुळात काहीशा संकोचाने सांगण्याची गोष्ट आहे. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने शेतमजुरीच्या दरावर किंवा साखर कारखान्यांच्या ताळेबंदावर लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. त्याने कुस्तीवर, आणि तीही अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीवर लिहावे, हे पुष्कळांना पोरकट वाटेल. तो दोष पत्करून मी लिहीत आहे. कारण जिथे माणसे अंगमेहनत विकतात आणि कोणी तरी तिचा नफा करतो, तिथे आपल्या आस्थेचा प्रश्न उपस्थित होतोच; ते ठिकाण गिरणी असो की आखाडा.

माझी नात या कुस्त्या दूरचित्रवाणीवर पाहते आणि तिच्या शेजारी बसून मीही पाहतो. एके दिवशी तिने विचारले, "आजोबा, यांचा निकाल आधीच ठरलेला असतो. मग तुम्ही खासबागेत वाढलेले, तुम्हांला हे कसं चालतं?" प्रश्न रास्त होता. शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१२ साली खुल्या झालेल्या कोल्हापूरच्या त्या मैदानात वडिलांचे बोट धरून मी कितीतरी कुस्त्या पाहिल्या. मारुती माने, हरिश्चंद्र बिराजदार ही नावे आमच्या तोंडी असत. कुस्ती निकालीच हवी, ठरवून केलेली कुस्ती म्हणजे लाल मातीशी बेइमानी, असे संस्कार तिथे झाले. पण त्या मैदानात माझी धाकटी बहीण कधी आली नाही. तिला कोणी मनाई केली नव्हती. तिला न्यावे असे कोणाच्या मनातच आले नाही. सचोटीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या आम्हा शौकिनांना या दुसऱ्या बेइमानीची जाणीव व्हायला अर्धे आयुष्य जावे लागले. कुस्तीतील नीतीचा विचार करताना निकाल खरा की ठरलेला, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही, हे मला त्यातून उमगले.

या दोन प्रश्नांची सांगड आपल्याच देशात एका स्त्रीच्या आयुष्यात पडली होती. मिर्झापूरच्या हमीदा बानू अलीगढला राहून कुस्ती शिकल्या आणि १९४० व १९५० च्या दशकांत इनामावर पुरुष मल्लांशी लढू लागल्या. मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन, असे त्यांचे जाहीर आव्हान असे. मे १९५४ मध्ये बडोद्याला त्यांनी बाबा पहिलवान यांना १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केल्याची बातमी देशभर गाजली. त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री मल्लावर त्यांनी मिनिटभराच्या आत मात केली. त्यांचे वजन, त्यांचा खुराक, त्यांची झोप यांचे रसभरीत तपशील वृत्तपत्रे छापीत.

परंतु कौतुकाबरोबर संशयही चालत आला. एका पुरुष मल्लाला हरविल्यावर प्रेक्षकांनी हुल्लड करून त्यांच्यावर दगड फेकले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. मुंबई राज्यात आपल्या कुस्त्यांना मज्जाव होतो, अशी तक्रार त्यांनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे केली. स्त्री म्हणून ही बंदी नाही, ठेकेदार त्यांच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून ती आहे, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर नीट तपासले पाहिजे. ठेकेदारांनी लबाडी केली असेलही. पण लबाडी ठेकेदाराची आणि रोजगार बुडाला तो कुस्तीगीर स्त्रीचा. पुरुषांच्या ठरवून केलेल्या कुस्त्या आम्ही शौकिनांनी पाहिल्या आहेत. तेव्हा आम्ही त्या दोन मल्लांना शिव्या दिल्या, पण पुरुषांनी कुस्तीच करू नये असे कोणी म्हटले नाही. एका पुरुषाचा अपराध त्याच्यापुरता राहतो आणि एका स्त्रीवरचा नुसता संशय साऱ्या स्त्रीजातीला मैदानाबाहेर ठेवण्यास पुरतो. नीतीचा कायदा असा एकाच बाजूला लागू होऊ लागला, की त्याला नीती म्हणता येत नाही.

हमीदा बानूंचा शेवट त्याहून बोलका आहे. १९५४ मध्ये त्यांनी युरोपात जाऊन लढण्याचा मनोदय जाहीर केला आणि त्यानंतर त्या कुस्तीच्या जगातून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. नातवाने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, त्यांनी परदेशी जाऊ नये म्हणून त्यांच्या वस्तादाने त्यांना इतकी मारहाण केली की हातपाय मोडले. पुढली वर्षे त्यांनी आपल्या कल्याणमध्ये काढली. दूध विकले, खोल्या भाड्याने दिल्या आणि अखेरीस रस्त्याच्या कडेला खाद्यपदार्थ विकून गुजराण केली. १९८६ साली त्या वारल्या. मैदानात पुरुषांना लोळविणाऱ्या स्त्रीला मैदानाबाहेर एका पुरुषाने मोडून टाकले, आणि त्या काळी तिला दाद मागण्यास जागा नव्हती. तिच्यामागे संघटना नव्हती, करार नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या व्यावसायिक कुस्तीतील निकाल ठरलेले असतात, हे आज उघड गुपितही राहिलेले नाही. पण ही कबुली कशी मिळाली ते पाहण्यासारखे आहे. १९८९ साली या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगितले की आमचा खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे. हे सत्यकथन सदसद्विवेकबुद्धीच्या टोचणीतून आलेले नव्हते. स्पर्धा म्हटली की क्रीडा आयोगाचे परवाने, तपासण्या आणि कर आले. करमणूक म्हटली की त्यातून सुटका. परंतु मल्ल जर नट ठरले, तर नटांच्या कामगार संघटनेचे संरक्षण त्यांना मिळायला हवे होते. तेही मिळाले नाही. कंपनीच्या दप्तरी मल्ल हे नोकर नाहीत, 'स्वतंत्र कंत्राटदार' आहेत. कुठे, कोणाशी, कोणत्या वेशात लढायचे आणि कधी हरायचे हे कंपनी ठरविते आणि तरी ते स्वतंत्र! १९८६ च्या सुमारास जेसी व्हेंच्युरा या मल्लाने संघटना काढण्याचा प्रयत्न केला. तो मूळ धरू शकला नाही. २००१ मध्ये या कंपनीने आपला मुख्य प्रतिस्पर्धी विकत घेतला आणि श्रमाच्या त्या बाजारात विकणारे शेकडो व मोठे गिऱ्हाईक एकच, अशी अवस्था आली. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल, की अशा बाजारात मजुरीचा भाव कोण ठरवितो. २०१९ मध्ये एक नवी कंपनी उभी राहिल्यावर मल्लांना थोडा पर्याय मिळाला, पण संघटना तिथेही उभी राहिली नाही.

या चौकटीत स्त्रियांची कहाणी वाचली पाहिजे. न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीवर १९७२ पर्यंत बंदी होती. त्यानंतरही अनेक वर्षे या कंपनीत कुस्तीगीर स्त्रियांना 'दिवा' म्हणत, म्हणजे लावण्यवती तारका, आणि त्यांच्या वाट्याला दोन-चार मिनिटे येत. फेब्रुवारी २०१५ मध्ये चार स्त्रियांची एक कुस्ती सुमारे ३० सेकंदांत उरकण्यात आली आणि शौकीन खवळले. या स्त्रियांना संधी द्या, ही मागणी त्यांनी समाजमाध्यमांतून दिवसेंदिवस लावून धरली. कंपनीला दखल घ्यावी लागली. २०१६ मध्ये 'दिवा' हे नाव गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये केवळ स्त्रियांच्या कुस्त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला आणि ७ एप्रिल २०१९ रोजी वर्षातील सर्वांत मोठ्या सोहळ्याची शेवटची, मानाची कुस्ती प्रथमच स्त्रियांची झाली. बेकी लिंच, रोंडा राउझी आणि शार्लट फ्लेअर यांची ती कुस्ती मी नातीबरोबर पाहिली. निकाल ठरलेला होता, पण अंगावर घेतलेली आपटी खरी होती. मला माझ्या बहिणीची आठवण झाली.

हे यश खरे आहे आणि त्यात शौकिनांचा वाटा आहे. पण ते कुठे थांबले तेही पाहू. २०१८ मध्ये कंपनीने सौदी अरेबियाच्या सरकारशी दहा वर्षांचा करार केला. एप्रिलमधील जेद्दाच्या पहिल्या कार्यक्रमात एकाही स्त्रीची कुस्ती ठेवली नव्हती. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला जमाल खशोगी या पत्रकाराची इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली, तरी नोव्हेंबरच्या आरंभी रियाधचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला; त्याच्या पाचच दिवस आधी अमेरिकेत स्त्रियांचा तो ऐतिहासिक कार्यक्रम साजरा झाला होता. रियाधला स्त्रियांची पहिली कुस्ती ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी झाली. नताल्या आणि लेसी इव्हान्स संपूर्ण अंग झाकून लढल्या. त्या दोघींचे धैर्य मी कमी लेखत नाही. पण मालकाने एका देशात दिलेली समता दुसऱ्या देशात तोच मालक पेटीत बंद करून ठेवू शकतो, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

त्याहून गंभीर गोष्ट पुढे आली. कंपनीचे सर्वेसर्वा विन्स मॅकमेहन यांनी सोळा वर्षांत चार स्त्रियांना मौन राखण्यासाठी एकूण १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केल्याचे वृत्त २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते निवृत्त झाले आणि २०२३ च्या जानेवारीत परतले, कारण मताधिकाराची सूत्रे त्यांच्याच हाती होती. जानेवारी २०२४ मध्ये एका माजी कर्मचारी स्त्रीने लैंगिक अत्याचाराचा दावा दाखल केल्यावर त्यांनी पद सोडले. आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि त्यांचा निवाडा करणे माझे काम नाही. पण कालक्रम लक्षात घ्या. रंगमंचावर स्त्रीशक्तीचा जयजयकार चालू होता, त्या वर्षांतही पडद्याआड मौनाच्या किमती ठरत होत्या. स्त्रियांना मानाची कुस्ती मिळाली, पण त्यांचा करार पूर्वीचाच राहिला. विमा नाही, संघटना नाही, कामावरून काढण्याचा अधिकार मालकाचा. पुरुष मल्लांचीही स्थिती हीच. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने शोषणात वाटा मिळणे, याला समता म्हणून आपण समाधान मानणार आहोत काय?

हे सारे अमेरिकेचे म्हणून सोडून देता येणार नाही. २०२३ च्या जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलपासून साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि त्यांचे सहकारी जंतरमंतरवर बसले होते. ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या स्त्रीला कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार नोंदवून घ्यावी यासाठी रस्त्यावर यावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ती नोंदली गेली. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेले. २०१३ च्या कायद्याप्रमाणे आवश्यक असलेली तक्रार समिती महासंघात नीट अस्तित्वातच नव्हती, हे त्या वेळी उघड झाले. डिसेंबरमध्ये साक्षीने कुस्ती सोडल्याचे जाहीर केले. हमीदा बानूंपासून साक्षीपर्यंत सुमारे सत्तर वर्षे गेली. पदके आली, परंतु दाद मागण्याची जागा आली नाही.

महाराष्ट्रात १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा चालू आहे. स्त्रियांसाठी ती प्रथम मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरली. आता गावोगावच्या यात्रांतही मुलींच्या कुस्त्या लागतात. अशाच एका यात्रेची जाहिरात मी मुद्दाम जपून ठेवली आहे. वर ठळक अक्षरांत 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान' असे लिहून पुरुषांच्या प्रत्येक जोडीपुढे इनामाचा आकडा छापला आहे. तळाशी एकच ओळ आहे : 'महिलांच्या प्रेक्षणीय कुस्त्या'. आकडा नाही. पुरुषांच्या कुस्तीचा निकाल लावायचा आणि स्त्रियांची कुस्ती पाहायची, हा भेद त्या एका विशेषणात उतरला आहे.

आपले अनेक कार्यकर्ते या यात्रा समित्यांवर असतात. त्यांना माझी विनंती अगदी साधी आहे. मुलींच्या कुस्तीचे इनाम आकड्यात छापा आणि बरोबरीच्या जोडीला बरोबरीचे ठेवा. त्यांची कुस्ती दुपारी मैदान रिकामे असताना न उरकता गर्दीच्या वेळी लावा. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च समितीने करावा, तो मुलींच्या व मुलग्यांच्याही बाबतीत. मुली ज्या तालमीत सराव करतात तिथे तक्रार ऐकणारी, वस्तादाच्या मुठीत नसलेली समिती आहे की नाही, याची चौकशी करा आणि नसेल तर ती होईपर्यंत पाठ सोडू नका. पुढल्या यात्रेच्या बैठका पावसाळा सरताच सुरू होतील. माझ्या गावच्या बैठकीला मी नातीला बरोबर घेऊन जाणार आहे आणि ती जुनी जाहिरातही.