सिलिंडर बदलला की बंदूक बदलते का? दीडशे वर्षं जुन्या रिव्हॉल्व्हरने अमेरिकेच्या कायद्यात घातलेला घोळ

अमेरिकेत दोन पार्सलं घरी येतात. पहिल्यात इटलीत बनलेलं एक रिव्हॉल्व्हर असतं, १८६०च्या आसपासच्या मॉडेलची हुबेहूब नक्कल. दुसऱ्यात हाताच्या मुठीत मावेल एवढा लोखंडी सिलिंडर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या नजरेत यातलं पहिलं पार्सल 'बंदूक' नाही आणि दुसरं तर नाहीच नाही. पण दोन्ही एकत्र आले की जे तयार होतं ती पक्की बंदूक असते. आजच्या दुकानात मिळणारं काडतूस झाडणारी.

हे कसं काय, हे समजून घ्यायचं तर आधी हे रिव्हॉल्व्हर बघावं लागेल.

तुम्ही वेस्टर्न सिनेमे पाहिले असतील, तर हे तुमच्या ओळखीचं आहे. काउबॉय अंगठ्याने हॅमर मागे खेचतो, मग चाप ओढतो. प्रत्येक गोळीला पुन्हा तेच. चाप फक्त एकच काम करतो, हॅमर सोडायचं, म्हणून याला 'सिंगल अ‍ॅक्शन' म्हणतात. मधला फिरणारा गोल भाग म्हणजे सिलिंडर. त्यात बहुतेक वेळा सहा खण असतात. साफसफाईसाठी तो एक पिन काढून अख्खा बाहेर येतो. घोळाची सुरुवात इथूनच होते, कारण जो भाग बाहेर काढता येतो, त्याच्या जागी दुसराही बसवता येतो.

म्हणजे कुठलाही सिलिंडर बसवला आणि काम झालं, असं मात्र नाही. गोळी शेवटी नळीतूनच जाणार, त्यामुळे दोन्ही काडतुसांच्या गोळीची जाडी जवळपास सारखी हवी. .३५७ मॅग्नम आणि ९ एमएम जमतं, .४५ कोल्ट आणि .४५ एसीपी जमतं. अमेरिकेतली रुगर कंपनी असे दोन-दोन सिलिंडर एकाच रिव्हॉल्व्हरसोबत कारखान्यातूनच विकते. जाडी वेगळी असेल तर नळीही बदलावी लागते. शिवाय नव्या काडतुसाचा दाब जुन्या सांगाड्याला झेपला नाही, तर ते रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतं. म्हणून हे काम तिथेही जाणकार गनस्मिथचं मानलं जातं.

एका पेटंटने अडवलेली गोष्ट

आता थोडं मागे जाऊ. १८५०च्या दशकातल्या रिव्हॉल्व्हरला आपण ओळखतो तसं काडतूस नसायचं. सिलिंडरच्या प्रत्येक खणात पुढून दारू भरायची, त्यावर शिशाची गोळी दाबायची आणि मागच्या बाजूला एक छोटी टोपी बसवायची. दिवाळीतल्या बंदुकीच्या टिकल्या आठवा, तत्त्व तेच. हॅमर टिकलीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

धातूचं तयार काडतूस आलं तेव्हा ते मागून भरायला सिलिंडरला आरपार भोक पाडणं गरजेचं झालं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण रोलिन व्हाइट नावाच्या माणसाने ३ एप्रिल १८५५ रोजी नेमकं याचंच पेटंट घेतलं होतं. त्याचे हक्क स्मिथ अँड वेसनने घेतले आणि १८५७मध्ये आपलं पहिलं काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. व्हाइटला प्रत्येक नगामागे २५ सेंट मिळायचे. पेटंट जपण्यासाठी कोर्टात लढायची जबाबदारी मात्र करारानुसार त्याच्याच गळ्यात होती. कमाईचा मोठा वाटा वकिलांकडे गेला.

या पेटंटमुळे अमेरिकेचं यादवी युद्ध, म्हणजे १८६१ ते १८६५, बहुतांशी दारू-टिकलीच्या रिव्हॉल्व्हरवरच लढलं गेलं. कोल्टसारखी बलाढ्य कंपनीसुद्धा आरपार भोक पाडू शकत नव्हती. १८६९मध्ये पेटंट संपलं. व्हाइटने मुदतवाढीसाठी खटपट केली, काँग्रेसने विधेयकही मंजूर केलं, पण राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी जानेवारी १८७०मध्ये त्यावर व्हेटो वापरला. हे ग्रँट म्हणजे त्याच युद्धातले सेनापती. या पेटंटमुळे युद्धात सरकारचं नुकसान झालं, असं लष्कराच्या शस्त्रविभागाचं म्हणणं होतं.

मग रूपांतराची लाटच आली. युद्धातली हजारो रिव्हॉल्व्हर पडून होती. फेकून देण्यापेक्षा त्यांचे सिलिंडर बदलून ती काडतुसावर आणणं स्वस्त होतं. कोल्टने 'रिचर्ड्स कन्व्हर्जन' काढलं. रेमिंग्टनने तर पेटंट संपायच्या आधीच, स्मिथ अँड वेसनला रॉयल्टी देऊन, हे काम सुरू केलं होतं.

त्या काळाचा एक गमतीशीर अवशेष आजही दुकानात मिळतो. .३८ स्पेशल या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .३८ इंचाची नाही, ती सुमारे .३५७ इंचाची आहे. रूपांतरित रिव्हॉल्व्हरसाठी सुरुवातीला जी गोळी बनली, ती काडतुसाच्या बाहेरच्या मापाएवढी जाड होती. पुढे गोळी काडतुसाच्या आत बसवायला लागले, ती बारीक झाली, पण नाव .३८च राहिलं.

कायद्याने 'बंदूक' कशाला म्हटलं?

१९६८चा गन कंट्रोल अ‍ॅक्ट हा अमेरिकेतला मुख्य केंद्रीय कायदा. त्यानुसार शस्त्राचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, हीच बंदूक. नंबर तिच्यावर, नोंद तिची. सिलिंडर हा नुसता सुटा भाग. त्यामुळे रुगरचा मालक सिलिंडर बदलतो तेव्हा कॅलिबर बदलतं, पण कायद्यापुरती बंदूक तीच राहते. इथपर्यंत ठीक आहे. ते रिव्हॉल्व्हर विकत घेतानाच दुकानदाराने त्याची बॅकग्राउंड तपासणी केलेली असते.

खरा प्रश्न त्या पहिल्या पार्सलचा आहे. कायद्याने 'अँटिक' शस्त्रांना व्याख्येतूनच वगळलंय. १८९८पर्यंत बनलेली शस्त्रं यात येतात. त्यांच्या आजच्या नकलाही येतात, अट एवढीच की त्या आधुनिक काडतुसासाठी 'डिझाइन किंवा रीडिझाइन' केलेल्या नसाव्यात. म्हणून दारू-टिकलीचं नवंकोरं रिव्हॉल्व्हर केंद्रीय तपासणीशिवाय पोस्टाने येऊ शकतं. काही राज्यांचे कायदे यापेक्षा कडक आहेत, ती गोष्ट वेगळी.

काडतुसाचा सिलिंडर बसवला की ही सवलत संपते. साधा नागरिक स्वतःच्या वापरासाठी असं करू शकतो. पण गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला किंवा कौटुंबिक हिंसाचारात शिक्षा झालेला माणूस ते हातात धरूनच गुन्हा करतो, आणि २०२२पासून त्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अडचण एवढीच की हे कळणार कुणाला? खरेदीच्या वेळी ज्याची तपासणी व्हायला हवी होती, त्याची झालेलीच नाही. शिक्षा आहे, पण दारात पहारेकरी नाही.

सुप्रीम कोर्टाच्या निकालाने फरक पडला?

२६ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'घोस्ट गन'बद्दल निकाल दिला. सुट्या भागांच्या किटमधून घरी बनणाऱ्या, नंबर नसलेल्या बंदुकांना हे नाव आहे. सहज जोडता येणारं किट हीसुद्धा बंदूकच, हा सरकारचा २०२२चा नियम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी टिकवला. न्यायमूर्ती नील गोरसच यांनी उदाहरण दिलं आयकियाच्या टेबलाचं. जोडायला अजून काही तास लागणार असले, तरी माणूस त्याला 'टेबल घेतलं' असंच म्हणतो.

मग हाच न्याय आपल्या दोन पार्सलांना का नाही? कारण कायद्याचे शब्द आडवे येतात. 'सहज रूपांतर होऊ शकणारं' हा निकष बंदुकीच्या मूळ व्याख्येत आहे. १९९८मध्ये अँटिकच्या व्याख्येत पुढून दारू भरायच्या शस्त्रांसाठी वेगळं कलम जोडलं, त्यातही तो आहे. पण जुन्या नकलांच्या कलमात तो नाही, तिथे फक्त 'रीडिझाइन' आहे. आणि अँटिक एकदा व्याख्येबाहेर गेलं की घोस्ट गनचा निकाल तिथे पोचत नाही. १९६८च्या खासदारांच्या डोळ्यांसमोर बहुधा संग्राहक होते, पोस्टाने येणारा तयार सिलिंडर नव्हता.

या सवलतीचे समर्थक म्हणतात की दर गोळीला अंगठा वापरायला लावणारं रिव्हॉल्व्हर घेऊन कोण दरोडा घालणार? हा मुद्दा मला बऱ्याच अंशी पटतो. काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग हा तिथे हौशी लोकांचा खेळ आहे, त्याची संघटना १९८७पासून आहे, आणि रूपांतरित रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्यांमध्ये असे बरेच जण असतात. पण ज्या बाईने कोर्टात जाऊन नवऱ्याविरुद्ध निकाल मिळवलाय, तिच्यासाठी दरोड्याचं गणित कामाचं नाही. तिथे एक गोळीही पुरते.

आपल्याकडे काय?

भारतात कायदा अगदी उलट टोकाने चालतो. इथे लायसन्सवर बोअर लिहिलेलं असतं आणि बोअरवरूनच शस्त्र 'प्रतिबंधित' की नाही हे ठरतं. .३०३ आणि ९ एमएम ही फौजेची बोअर सर्वसामान्यांना बंद, म्हणून सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी .३१५ची रायफल आणि .३२चं रिव्हॉल्व्हर बनवलं. शस्त्र कायद्यात २०१९मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा एका वर्गातलं शस्त्र परवान्याशिवाय दुसऱ्या वर्गात बदलण्यावरही बंदी आली. बेकायदा रूपांतराची शिक्षा तीन ते सात वर्षांवरून थेट सात वर्षं ते जन्मठेप झाली.

अमेरिकेत मात्र हा बदल करायचा तर काँग्रेसला अँटिकच्या कलमात एक शब्दप्रयोग घालावा लागेल. कोर्टाने वाट दाखवलीय, पण कलम बदलणं त्याच्या हातात नाही. तोवर ती दोन पार्सलं वेगवेगळीच येत राहतील.