झोप आणि जाग

रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. मग मी मोबाइलवर सूरह रहमान लावतो. 78 आयती; त्यातली एक 31 वेळा येते. त्या लयीत झोप लागते. अरबी मला कळत नाही.

परवा चुकून मराठी अनुवाद लागला. सुरुवातीलाच आदेश आला: न्यायाने तोला, मापात पाप करू नका. बहिणीला न दिलेला जमिनीतला वाटा आठवला. फजरच्या अजानपर्यंत जागाच होतो.

तिलावतने मन शांत होते, त्यात गैर काही नाही. पण जो ग्रंथ समजला की झोप उडवतो, तो आपण नुसता अंगाईसारखा ऐकत आलो. अनुवादही ऐका. एखादी रात्र जागून गेली तरी चालेल.

बहिणीला मी सकाळीच फोन केला.