पांच एकरांचा हिशेब

संक्रांत आली कीं सोलापुरांत सिद्धेश्वराच्या यात्रेबरोबर हुरड्याचीही आठवण होते. पुण्या-मुंबईकडील आप्तमंडळी येतात, शेतावर आगटी पेटते, गुळाबरोबर व शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हुरड्याचा समाचार घेतला जातो, आणि तृप्तीची ढेकर दिल्यावर कोणीतरी हटकून विचारतो, "ही शेती परवडते तरी का?" यंदां आमच्या परिचयाच्या दोन-तीन घरांत हा प्रश्न ऐन वाटणीच्या बोलण्यांत निघाला. सबब या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्या वर्गाकडे आतां उरलेली जमीन बहुधा थोडी आहे. 1948 च्या कूळकायद्यानें व त्यापुढील दुरुस्त्यांनीं 1 एप्रिल 1957 या दिवशीं कुळांनीं जमीन खरेदी केली असें धरलें गेलें. कसणारास जमीन मिळाली हें न्याय्यच झालें. ज्यांनीं स्वतः कसली त्यांच्याजवळ चार-पांच एकर राहिले, आणि आजचा तंटा त्यांच्याच वांट्याचा आहे.

आमच्या जिल्ह्यांत पाऊस सरासरीनें पंचवीस इंचांच्या आंतच. भीमेवरील उजनीचें धरण 1980 सालीं पुरें झालें. जेथें त्याचें पाणी पोंचलें तेथें ऊस आला. जेथें पोंचलें नाहीं तेथें काळ्या जमिनींत मुरलेली ओल हीच पुंजी होय. उत्तरा-हस्ताच्या सुमारास मालदांडी पेरावी आणि पुढें त्याच ओलीवर पीक पोसावें, हा जुना परिपाठ. कोरडवाहू शेतीच्या शास्त्रीय प्रयोगांस सोलापुरास 1933 सालीं प्रारंभ झाला, तोही ही ओल राखावी कशी याच चिंतेंतून. मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि 2023 हें वर्ष तर साऱ्या जगानें भरड धान्यांचें म्हणून पाळलें.

एवढा मान मिळूनही ज्वारीचा पेरा टिकविणें कठीण जातें, याचें कारण मजुरी. ही ज्वारी पुष्कळ ठिकाणीं हातानें मुळासकट उपटावी लागते. मग पेंढ्या बांधावयाच्या, पांच-पांच पेंढ्यांचे पाचुंदे करावयाचे, कणसें मोडावयाचीं, आणि तेव्हां कोठें मळणी. मजुरी वजा जातां रोकड थोडीच उरते. परंतु घरीं आलेलें वर्षाचें धान्य आणि गुरांचा कडबा हीं दोन्ही जमेस न धरतां "परवडत नाहीं" असा निकाल देणें म्हणजे अर्धेंच गणित सोडविणें होय. 1972 च्या दुष्काळांत कडब्याच्या एका पेंढीची किंमत काय होती, हें त्या काळच्या वडीलधाऱ्यांस विचारावें.

परंतु जमेच्या बाजूस याहून मोठी एक रक्कम लिहावयाची राहते. ज्या घरांविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यांपैकीं एकांत थोरल्या बंधूंनीं बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेविलें आणि म्हटलें, "ताई, तूं या शेतासाठीं काय केलेंस?" ताई त्या वेळीं भाच्यासाठीं लोकरीचा स्वेटर विणीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं. सुलट-उलट टांके पडतच राहिले. लग्नापूर्वींचीं पंधरा वर्षें याच ताईंनीं खळ्यावर भाकऱ्या पोंचविल्या, बियाणें निवडलें आणि आईच्या दुखण्यांत सारें घर सांभाळलें, म्हणून बंधूंचें शिक्षण पुरें झालें. कोणत्याही वहींत यांतील एक अक्षर नाहीं.

सोलापूर हें विणकरांचें गांव. येथील चादर जगभर गेली. तिच्यावर छाप कारखान्याची असते, घरीं बसून कांड्या भरणाऱ्या बाईची नसते. 'ओतप्रोत' हा आपण नित्य वापरतों तो शब्द मूळचा मागावरचा. ताण्या-बाण्यांत विणलेलें तें ओतप्रोत. बृहदारण्यकांत गार्गीनें याज्ञवल्क्यास वारंवार हेंच विचारलें आहे कीं हें सारें कशांत ओतप्रोत आहे. एकत्र कुटुंबास तोच प्रश्न केला तर उत्तर द्यावें लागेल कीं, ज्या कष्टांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं त्यांत.

कायद्यानें तर हा प्रश्न केव्हांच निकालांत काढिला आहे. 2005 च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. त्यासाठीं वडील त्या दिवशीं हयात असण्याची आवश्यकता नाहीं, हेंही सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं स्पष्ट केलें. बहिणीनें आपखुशीनें हक्क सोडिला तर तो तिचा मोठेपणा. परंतु मागून घेतलेला मोठेपणा हा मोठेपणाच नव्हे.

आमची सूचना साधी आहे. विकण्याचा किंवा वांटण्याचा निर्णय करण्यापूर्वीं एक वर्ष वही ठेवावी. तींत तीन रकाने असावेत: रोकड, घरीं आलेला जिन्नस, आणि कोणाचे हात किती दिवस राबले. तिसऱ्या रकान्यांत सुना, लेकी आणि वृद्ध यांचीं नांवें अवश्य घालावींत. वर्षाखेरीस बहिणींसह सर्वांनीं एकत्र बसून ती मोठ्यानें वाचावी. त्यानंतर जमीन विकली तरी हरकत नाहीं. निदान काय विकलें हें सर्वांस ठाऊक असेल.

वर सांगितलेल्या घरीं सही झालेली नाहीं. स्वेटर मात्र पुरा झाला असून भाचा तो घालून शाळेस जातो.