आराखडा ठरतो तेव्हा आमची वस्ती उसाच्या फडात असते

७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि सत्ता गावात आली, असे सांगितले जाते. मान्य. पण गावात कोणाच्या हातात आली?

बाबासाहेबांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ब्रिटिश भारताच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची चिकित्सा केली. प्रांतांच्या नावाने अंदाजपत्रके होती, पैशावर ताबा मात्र वरच्या सरकारचा होता, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. म्हणजे पैसा खाली आला पाहिजे आणि तो वाटताना आपला माणूस तिथे हजर पाहिजे. यातले एक जरी नसले, तरी विकेंद्रीकरण ही थापच.

आता तेलगावकडे पाहा. गावात साखर कारखाना आहे, तरी धारूर, माजलगावच्या वाड्यावस्त्यांतून दसरा झाला की कोयते बाहेरगावी निघतात. त्यात बौद्ध, मातंग, वंजारी, सगळेच आले. आणि ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम कधी सुरू होते? २ ऑक्टोबरला! २६ जानेवारीच्या ग्रामसभेलाही ही माणसे फडातच असतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग चार टाळकी हात वर करतात आणि वर्षाचा पैसा वाटून मोकळी होतात.

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होते. मग वस्तीत नळ का नाही, हे विचारायला माणूस नको का? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करणे बंधनकारक आहे. ते कशावर खर्च झाले? दलित वस्तीचा निधी जिल्हा परिषदेमार्फत येतो; तिथे मार्च २०२२ मध्ये प्रशासक बसला. जाब कोणाला विचारायचा?

काही तरुण म्हणतात, बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितले, ग्रामपंचायतीत डोके कशाला घालायचे? मित्रांनो, गाव सोडा, पण हक्काचा पैसा कशाला सोडता?

आम्ही सांगतो ते करा. कोयते निघण्याआधी, सप्टेंबरातच वस्तीची बैठक घ्या, मागण्या लेखी द्या, पोच घ्या. १ मेच्या ग्रामसभेत १५ टक्क्यांचा हिशेब वाचून दाखवायला लावा. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाइलवर दिसतो, तो तपासा. नाही दिला हिशेब, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

निधी ही भीक नाही. तो संविधानाने दिलेला वाटा आहे!

जय भीम.