रात्र काय आधार कार्ड बघून येते?

दोस्तांनो, या अंकात कवितेवर लिहायचं ठरलं होतं. लिहीत नाही. कविता उघड्यावर झोपली तर तिला ताप येत नाही. माणसाला येतो.

गेल्या जुलैतली गोष्ट. दुसरी पाळी लांबली. रात्री दीड वाजता गोदीच्या गेटाबाहेर पडलो तर पी. डिमेलो रोडचा नाला झालेला. आमच्या टोळीतले काका पुलाखाली झोपतात. तीस वर्षं या शहराची पोती वाहिली त्यांनी. अंगात फणफणून ताप, अंथरूण पाण्यात. म्हणालो, "काका, उठा."

एका रात्रनिवाऱ्याच्या दारात गेलो. दारावरचा म्हणाला, "आधार कार्ड?" काकांचे कागद आदल्या पावसात वाहून गेलेले. माझं कार्ड खिशात होतं. म्हणजे मला आत घेतलं असतं. मला, ज्याला खोली आहे! साला, हा निवारा नक्की कुणासाठी?

माझ्या दहा बाय दहात सातजण पाळीपाळीनं झोपतात. काकांना तिथं नेलं नाही. ही लाज माझी; ती इथंच लिहून ठेवतो. पहाटेपर्यंत आम्ही बंद दुकानाच्या फळीवर बसून राहिलो.

आता कायद्याचं बघू. २०१० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं : शहरात दर एक लाख वस्तीमागं एक निवारा, बारा महिने, चोवीस तास. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख. म्हणजे १२४ निवारे. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावरची माणसं मोजली, तर मुंबईत सुमारे ५७ हजार भरली. पुढं २०१३ साली केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानानं लिहिलं की निवारे स्टेशन, बाजार, कामाच्या जागा यांच्याजवळ हवेत. बरोबरच आहे. पहाटे चारला माल उतरवणारा माणूस शहराच्या टोकाला झोपायला जाईल कसा?

कागद न मागता उघडणारं एक दार मात्र आहे : भिक्षेकरी गृहाचं. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा पोलिसाला वॉरंटशिवाय माणूस उचलू देतो. दिल्ली हायकोर्टानं २०१८ साली दिल्लीपुरता त्याचा कणा मोडला. म्हणजे निवारा मागितला तर ओळख दाखवा, आणि पकडायचं असेल तर फाटके कपडे हीच ओळख!

दारातला हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाबासाहेबांना बाहेर काढलं. परदेशी शिक्षण होतं, सरकारी नोकरी होती. छप्पर नव्हतं. बागेत बसावं लागलं. तेव्हा दारात जात विचारली, आज कागद विचारतात. गावात आपण गावकुसाबाहेर होतो, शहरात दाराबाहेर आहोत.

म्हणून आपलं मागणं साधं आहे. रात्री आलेल्याला आधी आत घ्या, नाव तोंडी लिहा, कागद सकाळी बनवून द्या. बायकांना वेगळी जागा द्या, पण कुटुंब फोडू नका. हातगाडी, बोचकं ठेवायला कोपरा द्या. त्यापायीच कितीतरी माणसं आत यायला धजत नाहीत. निवाऱ्यांचे पत्ते स्टेशनावर आणि चौकीत मराठी-हिंदीत लावा. दिल्लीला थंडी मारते, मुंबईला पाऊस. मुसळधार पावसाच्या रात्री पालिकेच्या शाळा कुलपात कशाला? उघडा त्या.

आणि आपण? नुसत्या घोषणांनी अंथरूण सुकत नाही. आपापल्या वॉर्डातले निवारे मोजा. रात्री बारानंतर दार वाजवून बघा. कोण उघडतं, काय विचारतं, किती खाटा रिकाम्या, ते लिहून आणा. पुढच्या अंकात छापू, आणि तोच अंक घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊ.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री काका आणि मी पुन्हा त्याच दारात उभे राहणार आहोत. या वेळी दोघंच नको.